उणे तीस अंशांतली सायकल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



संयोजकांनी मला ‘माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील संधी’ असा विषय सुचवला होता. त्यावर बोलू शकतील असे आपल्या बॅचमध्ये आणखी चौघे आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. तुम्ही मला फोनवर विचारता ते वेगळंच असतं. “तिकडे बर्फात खरंच सायकल चालवते का वं तू?” घर, नोकरी, मुलीची शाळा हे सगळं मागून येतं, पहिला प्रश्न हाच. म्हणून संयोजकांना विचारून मी विषय बदलला. अतिथंड प्रदेशात चालवायची सायकल कशी निवडायची, यावर आज बोलणार आहे. चिमूरात बसून हे कायले ऐकायचं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी जेवणाची घंटा होईपर्यंत धीर धरावा.

मी राहते त्या गावाचं नाव ओउलू. माझी आई अजून त्याला ‘उल्लू’ म्हणते आणि मी दुरुस्त करणं सोडून दिलं आहे. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, पासष्टाव्या अक्षांशावर हे शहर आहे. भूगोलाच्या बाईंनी नकाशात तुटक रेषेनं दाखवलेलं आर्क्टिक वृत्त आमच्या घरापासून मोटारीनं अडीच-तीन तासांवर. एकवीस डिसेंबरला सूर्य साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दोन वाजून गेले की मावळतो. जानेवारीत पारा साधारण उणे दहाच्या आसपास असतो, पण थंडीची लाट आली की उणे पंचवीस, उणे तीस. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तरेकडच्या एनोन्तेकियो गावी उणे ४४.३ नोंदलं गेलं, तेव्हा आमच्याकडेही पारा उणे तिशीच्या खाली होता. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचे आकडे ४६-४७ असे छापून येतात. म्हणजे माझ्या दोन गावांत जवळजवळ ऐंशी अंशांचं अंतर आहे.

आणि त्या गावात लोक बाराही महिने सायकल चालवतात. हौस म्हणून नाही. कामावर, शाळेत, भाजी आणायला. सायकलींसाठी नऊशे किलोमीटरांहून जास्त वेगळे रस्ते आहेत, आणि रात्री बर्फ पडला तर पहाटे यंत्रं फिरून ते साफ करतात. साफ करतात म्हणजे आपण अंगण झाडतो तसं नाही. वरचा भुसभुशीत बर्फ ढकलून काढतात, खालचा घट्ट थर तसाच ठेवतात आणि त्यावर बारीक गिट्टी टाकतात. हिवाळ्यातल्या सायकलींवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये याच शहरात भरली. मेत्सोकांगास नावाच्या भागातल्या शाळेचा फोटो मागे जगभर फिरला होता, तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. उणे सतरा तापमान, आणि शाळेबाहेर बर्फात सायकलींच्या रांगाच रांगा. बाराशे मुलांपैकी सुमारे हजार मुलं सायकलवर आलेली. आपल्या शाळेचं सायकल स्टँड आठवलं मला. फक्त आपल्याकडे एकीला धक्का लागला की सगळी रांग आडवी होत असे. तिकडे पडायला खाली बर्फ असतो.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्या वर्गशिक्षिकांनी पालकसभेत सांगितलं, की मुलं आता एकटी सायकलनं आली तरी चालेल. शाळा अडीच किलोमीटर. मी विचारलं, हिवाळ्यातसुद्धा? त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ती पडेल ही भीती नव्हती. मुलं पडतात, उठतात. भीती होती सायकल मध्येच बंद पडण्याची. आपण नेरीच्या रस्त्यावर, भिसीच्या रस्त्यावर सायकली ढकलत आलो आहोत. चेन उतरली, पंक्चर झालं, तर फार तर उशीर होतो आणि उशिराबद्दल छडी बसते. (सर हसत आहेत, त्यांना आठवतं.) तिकडे उणे तीसमध्ये घामेजलेल्या अंगानं थांबलात तर उशीर ही फार छोटी गोष्ट ठरते. हातमोजा काढून चेन बसवू म्हटलं तर काही मिनिटांत बोटं बधिर होतात. त्यापुढे हिमदंश. त्यात सायकलचा स्वतःचा वारा असतो. बाहेर उणे वीस असेल आणि तुम्ही ताशी वीस किलोमीटर वेगानं जात असाल, तर उघड्या कातडीला ते उणे तीससारखं लागतं. उणे तीसमध्ये ताशी पंधरानं गेलात तर उणे चाळीसच्या खाली. म्हणजे जितकी वेगवान सायकल तितकी जास्त थंडी. तिथल्या हिवाळ्यात वेगाची सायकल घेणं म्हणजे पैसे देऊन थंडी विकत घेणं.

मी इंजिनिअर असले तरी सायकलचं पहिलं शिक्षण नागपूरच्या कॉलेजात झालेलं नाही. ते बसस्टँडजवळच्या सायकलच्या दुकानात झालं. तिथले काका तासावर सायकल भाड्यानं द्यायचे आणि पंक्चर काढताना सारखे बोलत राहायचे. माझे बाबा मला आठवीत सायकल घ्यायला गेले तेव्हा मी एका चकचकीत सायकलवर बोट ठेवलं होतं. काका बाबांना म्हणाले, “नेते कोनतीबी सायकल. घरी आनते ते पाहून घ्या.” बाबांनी काळी, जाड, साधी लेडीज सायकल घेतली. ओउलूमध्ये मुलीसाठी सायकल शोधायला बसले तेव्हा मी वहीत हेच वाक्य लिहिलं आणि एकेक भाग घेऊन विचारत गेले, की हा भाग उणे तीसमध्ये घरी आणेल का?

सगळ्यात आधी फ्रीव्हील. पायडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक आवाज येतो ना, तो स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या खिट्ट्यांचा. पायडल मारलं की खिट्टी दातात अडकते आणि चाक फिरतं. नेहमीचं ग्रीस उणे पंचवीसच्या पुढे मेणासारखं घट्ट होतं. खिट्ट्या त्यात चिकटून बसतात, स्प्रिंगला त्या उचलता येत नाहीत. मग पायडल दोन्हीकडे नुसतं गरगर फिरतं आणि सायकल जागच्या जागी. माझ्या ऑफिसातल्या एकाची सायकल उणे बत्तीसमध्ये अशी थांबली आणि तो तीन किलोमीटर ढकलत आला. सायकल महाग होती, बिघाड काहीच नव्हता. दुकानात आत ठेवल्यावर दहा मिनिटांत आपोआप बरी झाली. यावर उपाय म्हणजे हिवाळ्याआधी हब उघडून जुनं ग्रीस धुऊन काढायचं आणि थंडीतही पातळ राहणारं तेल किंवा खास ग्रीस घालायचं. रस्त्यावर करायचा एक उपाय बर्फातल्या शर्यतींत लोक सांगतात, पण तो गुरुजनांसमोर सांगण्यासारखा नाही. मधल्या सुट्टीत पोट्ट्यांनी विचारावा.

हा प्रश्न नवा नाही. इसवी सन १९०० मध्ये अलास्कात सोनं सापडल्याची हाक उठली, तेव्हा एड जेसन नावाचा माणूस डॉसनहून नोमपर्यंत, सुमारे सोळाशे किलोमीटर, गोठलेल्या युकॉन नदीवरून सायकलनं गेला. कुत्र्यांच्या गाड्यांच्या अरुंद चाकोरीतून. त्यानं लिहून ठेवलं आहे, की बेअरिंगमधलं तेल गोठलं होतं आणि टायर पाइपासारखे टणक झाले होते. सव्वाशे वर्षं झाली, छर्ऱ्यांमधलं तेल अजून तीच तक्रार करतं.

मग ब्रेक. आता दुकानात जी बरी सायकल दिसते तिला डिस्क ब्रेक असतो, आणि त्यातल्या महागाला तेलाचा. आपल्या मोटारसायकलीसारखा. थंडीत ते तेल घट्ट होतं, रबरी सील आखडतात, लिव्हर दाबला तर सावकाश दाबतो आणि सोडला तर सावकाश सुटतो. वायरचा ब्रेक बरा, पण वायरच्या नळीत पाण्याचा एक थेंब गेला आणि गोठला की तोही अडकतो. रिमला घासणारा रबराचा ब्रेक तर रिमवर बर्फ बसला की नावालाच उरतो. फिनलंडमधली लहान मुलं आणि आज्या ज्या सायकली चालवतात त्यांना यातलं काहीच नसतं. पायडल उलटं दाबायचं, ब्रेक लागतो. सगळं यंत्र मागच्या हबच्या पोटात. बाहेर ना वायर, ना नळी, ना तेल. हाताची बोटंही लागत नाहीत, आणि जाड मोज्यातल्या हातांना याचं महत्त्व कळतं. त्या हबमध्येही थंडीचं ग्रीस भरून घ्यावं लागतं. नाहीतर फ्रीव्हीलचं दुखणं तिथं येतं. मुलीसाठी मी तशीच एक जुनी सायकल घेतली आणि पुढे एक वायरचा ब्रेक जोडून घेतला, कारण चेन उतरली तर मागचा ब्रेक जातो. एका ब्रेकवर मुलीला पाठवायची माझी तयारी नव्हती.

टायर. यावर मी थोडी रेंगाळणार आहे. आपण लहानपणी बाभळीचा काटा टायरमध्ये जाऊ नये म्हणून किती जपायचो! तिकडे आम्ही काटे विकत घेऊन टायरला लावतो. टायरच्या नक्षीत धातूचे छोटे खिळे बसवलेले असतात, त्यांच्या टोकाला टंगस्टन कार्बाईड. साधं लोखंड महिन्याभरात झिजून जाईल. स्वस्त टायरला शंभर, महागाला तीनशेच्या आसपास. डांबर उघडं असेल तिथं ते करकर वाजतात, पोळ्यात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी रस्ता भरून जातो तसं. दोन्ही टायर घेण्याइतके पैसे नसतील तर खिळ्यांचा टायर पुढच्या चाकाला लावायचा. मागचं चाक घसरलं तर माणूस सावरतो, पुढचं घसरलं की सरळ जमिनीवर.

गंमत अशी की खिळ्यांची खरी गरज कडाक्याच्या थंडीत नसते. बर्फ सगळ्यात निसरडा असतो शून्याच्या आसपास, दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला. उणे वीसला तो बराच खरखरीत होतो. उणे तीसला तर पायाखाली करकरतो आणि घसरगुंडीसुद्धा नीट चालत नाही. स्कीवर जाणारे लोक रेतीवर चालल्यासारखं वाटतं म्हणून कुरकुरतात. त्यामुळे पडण्याचे दिवस नोव्हेंबर आणि मार्च.

रेतीवरून आठवलं. उन्हाळ्यात उमा नदीच्या पात्रातून आपण सायकल ढकलत न्यायचो, चाक रुतायचं. ताजा भुसभुशीत बर्फ अगदी तसाच. त्यासाठी चार-पाच इंच रुंद टायरांच्या सायकली असतात, हवा अगदी कमी भरलेल्या, पाच ते दहा पौंड. त्यांची सुरुवात ऐंशीच्या दशकात झाली आणि दोन ठिकाणी झाली. एक अलास्काच्या बर्फात आणि दुसरी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी रेतीत. २००५ पासून त्या कारखान्यात तयार मिळू लागल्या. दिसायला रुबाबदार. माझ्या नवऱ्याचं मन त्यांच्यावर बसलं होतं. पण साफ केलेल्या रस्त्यावर त्यांचा काही उपयोग नाही. वजन जास्त, टायर महाग, आणि खिळ्यांचे घेतले तर त्याहून महाग. जंगलातल्या वाटांवर रविवारी भटकायचं असेल तर जरूर घ्यावी.

हवेचा हिशेब विज्ञानाच्या सरांसाठी. घरात वीस अंशांत टायरमध्ये पंचेचाळीस पौंड हवा भरली आणि सायकल उणे तीसमध्ये बाहेर नेली, तर काटा पस्तीसवर येतो. हवा कुठे गेलेली नसते. सरांनी फळ्यावर लिहिलेला वायूंचा नियम, तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायला विसरायचं नाही, एवढंच. उलट चिमूरात मे महिन्यात सकाळी भरलेले पंचेचाळीस भर दुपारी तापलेल्या जमिनीवर पन्नास-एक्कावन होतात, आणि जुन्या ट्यूबची ठिगळं उन्हानं सैल पडलेली असतात, म्हणून फटाका वाजतो. “उन्हात उभी करू नोको, हवा कमी भर,” असं दुकानातले काका सांगायचे ते यासाठीच. आपल्याकडच्या वालट्यूबचं रबर तिकडच्या थंडीत टणक होतं. मोटारसायकलीसारखा वॉल्व्ह बरा. पंक्चर मात्र रस्त्यावर काढायचंच नाही, सोल्युशन सुकत नाही आणि बोटं राहत नाहीत. म्हणून जाड टायर, आणि बस जाते त्याच रस्त्यानं शाळेत जायचं.

बाकीचं भराभर सांगते. शॉकअप नको, त्यातलं तेल घट्ट होऊन तो नुसता जड दांडा बनतो. गिअर नकोत, रस्ता सपाट आहे आणि गिअरच्या चाकांत बर्फ भरून चेन दातावरून घसरते. पायडल लोखंडी नको, प्लॅस्टिकचं रुंद हवं, कारण धातू बुटातूनही ऊब ओढून घेतो. सीट थोडी खाली, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. हँडलला दोन मोठ्या पिशव्यांसारखे मोजे कायमचे बांधून ठेवायचे आणि हात त्यात घालायचे; त्यात घरचे पातळ मोजे पुरतात. बॅटरीवरची सायकल नवऱ्यानं घेतली. छान आहे, पण थंडीत बॅटरी निम्म्यावर येते आणि शून्याखाली चार्ज करायची नसते, म्हणून रोज बॅटरी काढून बाळासारखी कडेवर घेऊन वर यायचं.

एक गोष्ट मला तिथल्या शेजारच्या आजीनं शिकवली. सायकल ऊबदार घरात ठेवायची नाही. मला ते क्रूर वाटलं होतं. पण घरात गरम झालेली सायकल बाहेर नेली की तिच्यावर पडलेला बर्फ आधी वितळतो, पाणी चेनमध्ये, वायरीत, कुलुपात शिरतं आणि तिथंच गोठतं. थंडच ठेवली तर बर्फ झटकला की गेला. आमच्या सायकली बाहेर छपराखाली असतात.

कोणी म्हणेल, ही सगळी शाळा-ऑफिसची सायकल. खरं धाडस करणारे काय घेतात? मारिया लायरस्टॅम नावाची ब्रिटनची बाई डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरून दक्षिण ध्रुवापर्यंत पायडल मारत गेली, साडेदहा दिवसांत. ती दोन चाकांची सायकल नव्हतीच. तीन चाकांची, मागे रेलून बसायची, जमिनीलगतची. वारा डोक्यावरून जावा आणि तोल सांभाळण्यात ताकद जाऊ नये म्हणून. लोक हसले असतील. त्याच मोसमात दोन चाकांवर निघालेल्यांना वाऱ्यानं फार छळलं. आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विसाव्या वर्षी सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर जगभर फिरून आली, एकटी, १५९ दिवसांत. त्यात रशियातल्या उणे वीसच्या रात्रीही आल्या. या बायकांपुढे माझी अडीच किलोमीटरची चिंता किरकोळ आहे. पण त्या स्वतः निवडून गेल्या होत्या. माझ्या मुलीला रोज सकाळी आठ वाजता अंधारात जायचंच होतं.

ती गेली. गेली चार वर्षं जाते आहे. उणे पंचवीसच्या खाली पारा गेला तर मी बसचे पैसे देते आणि ती तोंड वेंगाडते.

आता चिमूर. आपल्या बॅचनं जमवलेल्या निधीतून बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींना सायकली द्यायच्या, यावर सगळ्यांचं एकमत आहे. कोणत्या द्यायच्या यावर ग्रुपवर तीन महिने महाभारत चालू आहे. एका बाजूचं म्हणणं, गिअरच्या, शॉकअपच्या, डिस्क ब्रेकच्या द्या, मुलींना आवडतील, वाटपाच्या फोटोत शोभतील. मी दुसऱ्या बाजूला आहे हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलंच असेल. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी मदत मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यातून जिच्यापर्यंत पोहोचत नाही तिच्यासाठी आपण आहोत. पण सायकल मिळाली म्हणजे मुलगी शाळेत आली असं नव्हे.

आपल्याबरोबर आठवीपर्यंत असलेली एक मैत्रीण नववीत दिसली नाही. तिला विचारून, तिच्या परवानगीनं सांगते. ती आज इथे समोर बसली आहे. तिच्याकडे सायकल होती. मोठ्या भावाची, हवेसारखी पळणारी, पातळ टायरांची. आषाढात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरला, चाक जाम झालं, तिनं जोर लावला आणि मागच्या चाकाच्या तारा तुटल्या. गावात तसल्या रिमचं सामान मिळेना. घरच्यांनी रोवण्याचे दिवस आहेत, संपले की पाहू म्हटलं. रोवणं संपेपर्यंत सहा आठवडे गेले, हजेरी गेली, आणि दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं. वर्गात गणितात ती माझ्या पुढे होती. हे सरांनाही आठवत असेल.

ओउलूमध्ये ओला बर्फ मडगार्डमध्ये भरतो आणि गोठून चाक धरून ठेवतो. म्हणून तिथल्या जुन्या सायकलींना टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं जातील एवढी जागा असते. मी पहिल्यांदा ती जागा पाहिली तेव्हा मला बर्फ आठवला नाही, भिसीकडच्या रस्त्यावरचा आषाढ आठवला.

तेव्हा समितीला माझी विनंती अशी आहे. पन्नास सायकली घेण्याऐवजी चाळीस घ्या. उरलेल्या दहांचे पैसे गावातल्याच दुकानात तीन वर्षांच्या दुरुस्तीसाठी जमा ठेवा. मुलीनं सायकल नेऊन उभी करायची, पैसे कोणी मागायचे नाहीत. काकांचं दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो, मी काल त्याच्याशी बोलून आले. तो तयार आहे. ज्याचे टायर, ट्यूब, तारा, छर्रे आणि चेन नेरी, भिसी, शंकरपूर इथल्या कोणत्याही दुकानात मिळतात, तीच सायकल घ्या. गिअर नको, शॉकअप नको, टायर जरा रुंद, मडगार्डखाली दोन बोटं जागा, मागे मजबूत कॅरियर, आणि चाकावर चालणारा डायनॅमोचा दिवा. हिवाळ्यात जादा तास संपवून जंगलाच्या कडेनं परतणाऱ्या मुलीला वाघापेक्षा आधी खड्डा दिसायला हवा, आणि बॅटरीचा दिवा पहिल्या महिन्यानंतर कोणी चार्ज करत नाही. दिव्याबरोबर मागच्या मडगार्डला मोठं लाल रिफ्लेक्टर. फिनलंडमध्ये अंधारात पायी चालणाऱ्यानंही रिफ्लेक्टर लावावं असा कायदा आहे. आपण निदान सायकलला लावू.

रंग मात्र समितीनं ठरवू नये. तो मुलींना विचारा.